एका गिऱ्हाइकाला एकच पान : ग्राहकयादीतल्या दुबार नोंदी शोधायच्या कशा आणि काढायच्या कशा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या डेटाबेसमधल्या दुबार नोंदी काढून पाहिल्या. व्हिडिओत कमांड दिसतात, पण त्यांच्या मागचा विचार सांगायला वेळ पुरत नाही. तो इथे सविस्तर लिहितोय, कारण याच कामात मी स्वतः एकदा चांगला मार खाल्लाय. तुम्ही खाऊ नये एवढीच इच्छा.

तात्या पैसे द्यायला आले, आणि नावच सापडेना

आमचं दुकान सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. हार्डवेअर, पाइप, फिटिंग. गिऱ्हाईक म्हणजे प्लंबर, गवंडी आणि शेतकरी. निम्मा धंदा उधारीवर. वडील, म्हणजे अण्णा, खतावणी हाताने लिहायचे. मी बीबीए करून आलो आणि पहिल्या वर्षी सगळं संगणकावर घेतलं. एका मित्राने एसक्यूलाइट या डेटाबेसवर छोटासा प्रोग्राम बनवून दिला. त्यात दोन मुख्य टेबल होती. एक ग्राहकांचं : आयडी, नाव, मोबाइल, गाव. दुसरं बिलांचं : तारीख, रक्कम, जमा, बाकी आणि हे बिल कोणत्या ग्राहकाचं ते सांगणारा ग्राहक-आयडी.

एका दिवाळीच्या तोंडावर मी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर बाकीचा मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी आमचा एक नेहमीचा प्लंबर फोन दाखवत आला. त्याला दोन मेसेज गेले होते. एकात लिहिलेलं, ४,२०० रुपये बाकी. दुसऱ्यात, आपलं खातं निरंक आहे, धन्यवाद. तो हसून म्हणाला, "मालक, मी यातला दुसरा मेसेज खरा धरू का?"

यादी उघडून बघितली तर तो एकदा "संतोष प्लंबर" होता आणि एकदा "संतोष प्लंबिंगवाले". मोबाइल एकच. अशी नावं डझनांनी निघाली. त्या रात्री मी इंटरनेटवर शोधलं, एक कमांड सापडली, ती चिकटवली आणि एंटर दाबलं. अकराशेच्या पुढची यादी आठशेवर आली. बिलांची एकूण बेरीज तपासली, ती रुपयाने हलली नव्हती. मी निर्धास्त झोपलो.

दोन महिन्यांनी एक तात्या आले. उसाचं बिल आलं की उधारी चुकती करणारा माणूस. पिशवीतून नोटा काढल्या आणि म्हणाले, "माझं किती आहे बघ." मी नाव टाकलं. नाव नाही. गाव टाकलं. नाही. तात्या म्हणाले, "पोरा, मी देणं लागत नाही असं तुझं मशीन म्हणतंय का?"

नेमकं चुकलं कुठे

मी चालवलेली कमांड मराठीत सांगायची तर अशी होती : सारख्या मोबाइल नंबरच्या नोंदींचे गट कर, प्रत्येक गटातली सगळ्यात लहान आयडीची नोंद ठेव, बाकी सगळ्या पुसून टाक. ऐकायला अगदी बरोबर वाटते. पण तात्यांचा मोबाइल नंबर आमच्याकडे नव्हताच. तसे आणखी दोनशेच्या वर लोक होते, ज्यांच्या मोबाइलचा रकाना रिकामा. डेटाबेसमध्ये अशा रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. आणि ग्रुप बाय ही कमांड सगळे नल एकाच गटात टाकते. म्हणजे संगणकाच्या लेखी तात्या आणि ते दोनशे लोक एकच माणूस. त्यातला पहिला राहिला, बाकीचे गेले.

एक्सेल वापरणाऱ्यांनी इथे खूश होऊ नका. एक्सेलमधलं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' बटणही फक्त मोबाइलच्या रकान्यावर चालवलंत तर रिकामे रकाने सारखेच धरतं आणि पहिली ओळ ठेवून बाकीच्या काढून टाकतं.

दुसरी चूक जास्त महागाची. ग्राहक पुसले गेले, पण त्यांची बिलं तशीच राहिली. बिलावर लिहिलेलं, ग्राहक-आयडी ४१२. आणि ४१२ नंबरचा ग्राहक यादीतच नाही. किती येणं आहे ते कळतंय, कोणाकडून ते कळत नाही! म्हणूनच बिलांची बेरीज बरोबर दिसत होती. संतोष प्लंबरचे ते ४,२०० रुपयेसुद्धा असेच बेवारस झाले होते, कारण त्याचं राहिलं ते निरंक खातं.

खरं तर डेटाबेसने मला अडवायला हवं होतं. बिलातला ग्राहक-आयडी हा ग्राहकांच्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवेल, हे सांभाळणाऱ्या नियमाला फॉरिन की म्हणतात. पण एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी मुळात बंद असते, दर वेळी डेटाबेस जोडताना चालू करावी लागते. आम्ही केलीच नव्हती.

बॅकअप? होता. पण तो रोज रात्री त्याच एका फाइलवर चढायचा. दोन महिन्यांत चुकीच्या यादीचे साठ बॅकअप एकावर एक बसून गेले होते.

शेवटी मला वाचवलं अण्णांच्या वहीने. मी कितीही सांगितलं तरी अण्णांनी रोजमेळ हाताने लिहायचा सोडला नव्हता. तारीख, नाव, रक्कम. बेवारस बिलाची तारीख आणि रक्कम घ्यायची, वहीत ती ओळ शोधायची, नाव उचलायचं. अकरा रात्री आम्ही दोघं बसलो. तरी काही बिलं राहिलीच, कारण एका दिवशी सारख्याच रकमेची दोन-दोन नावं होती, किंवा अण्णा त्या दिवशी दुकानात नव्हते. चाळीस हजारांच्या आसपास रक्कम आजही कोणाकडे मागायची ते मला माहीत नाही. तात्यांचे पैसे मात्र आले, कारण ते स्वतः आले.

दुबार नोंद म्हणजे कचरा नव्हे

त्या अकरा रात्रींत अण्णा एक वाक्य दोन-तीनदा बोलले : "खतावणीत एका माणसाला एकच पान असतं. पान भरलं तर नवं पान काढायचं, पण आधी बाकी पुढे ओढायची. बाकी न ओढता पान फाडतं का कोणी?"

मित्रांनो, आजचा सगळा विषय या वाक्यात आहे. दुबार नोंद म्हणजे एकाच माणसाच्या हिशोबाचा फाटून वेगळा झालेला तुकडा. तो फेकायचा नसतो, मूळ पानाला जोडायचा असतो. जोडून झाल्यावर जो रिकामा कागद उरतो, तेवढाच काढायचा.

गंमत बघा. आज आपण ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतो त्याची मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. त्या मांडणीत एका टेबलात दोन अगदी सारख्या ओळी असूच शकत नाहीत. प्रत्येक ओळ कशावरून तरी वेगळी ओळखता आलीच पाहिजे. म्हणजे अण्णांचाच नियम. पण पुढे आलेली एसक्यूएल ही भाषा तेवढी कडक नाही. तुम्ही स्वतः नियम लावला नाहीत तर ती एकच ओळ शंभर वेळा ठेवून घेते. नियम लावायचं काम आपलं.

आता पायऱ्या बघू. कमांड इंग्रजीत टाईप करायच्या असतात, इथे मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

पायरी १ : आधी तारखेची प्रत

मूळ फाइलची कॉपी काढा, तिच्या नावात आजची तारीख टाका आणि ती पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा. रोज त्याच फाइलवर चढणारा बॅकअप हा बॅकअप नाही. निदान आठवड्याची एक प्रत वेगळी राहू द्या आणि किमान वर्षभर पुसू नका. चूक त्याच दिवशी कळत नाही. मला दोन महिन्यांनी कळली.

पायरी २ : "तोच माणूस" कशावरून, हे ठरवा

हा प्रश्न संगणकाचा नाही, तुमच्या धंद्याचा आहे. नावावरून ठरवाल तर फसाल. एका गावात एकाच नावाचे तीन लोक असतात. उलट ज्ञानेश्वर हे एकच नाव इंग्रजीत कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जी'पासून. मराठीत टाईप केलं तरी सुटका नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांतला 'ऱ्ह' दोन वेगळ्या प्रकारे टाईप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात.

मोबाइल नंबर त्यातल्या त्यात चांगला. पण बाप आणि मुलगा एकच नंबर देतात, आणि एखाद्या ठेकेदाराकडे दोन नंबर असतात. आम्ही असं ठरवलं : एक नंबर, एक खातं. मुलगा माल घेऊन गेला तर बिल वडिलांच्या खात्यावर आणि बिलावर "हस्ते" म्हणून मुलाचं नाव. जुन्या वह्यांत हा 'हस्ते'चा रकाना असायचाच, आम्ही तो फक्त टेबलात आणला. दोन नंबरवाल्यांसाठी दुसऱ्या नंबरचा वेगळा रकाना केला.

घाऊक गिऱ्हाईक किंवा पुरवठादार असेल तर जीएसटी क्रमांक वापरा. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचा २७), पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच फर्मची दोन राज्यांत नोंदणी असेल तर दोन क्रमांक असतात, त्या दुबार नोंदी नव्हेत. मालाच्या यादीत एचएसएन कोडवरून दुबार ठरवू नका. एका कोडखाली कितीतरी वेगळ्या वस्तू येतात. तिथे कंपनी, वस्तू आणि साइज हे तिन्ही मिळून ओळख धरा.

पायरी ३ : आधी धुवा, मग मोजा

एकच नंबर कुठे प्लस एक्याण्णव लावून असतो, कुठे आधी शून्य, कुठे मध्ये जागा सोडलेली. संगणकाला हे तीन वेगळे नंबर. म्हणून आधी रिकाम्या जागा, डॅश काढा आणि शेवटचे दहा आकडे ठेवा. एक्सेलमध्ये सबस्टिट्यूट आणि राइट ही सूत्रं पुरतात. नावाच्या पुढची-मागची जागा ट्रिमने काढा. जिथे नंबर नाही तिथे नुसती रिकामी जागा, "नाही" किंवा दहा शून्यं असं काहीबाही भरलेलं असतं. ते सगळं काढून तिथे नल ठेवा. पुढे याचा उपयोग आहे.

आता शोधायची कमांड :

सिलेक्ट मोबाइल, काउंट(*) फ्रॉम ग्राहक व्हेअर मोबाइल इज नॉट नल ग्रुप बाय मोबाइल हॅविंग काउंट(*) > १

म्हणजे, ज्यांचा नंबर आहे त्यांचे नंबरप्रमाणे गट कर आणि ज्या गटात एकापेक्षा जास्त नोंदी आहेत तेवढेच दाखव. मधले "इज नॉट नल" हे शब्द मी त्या रात्री लिहिले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

एक्सेलवाल्यांनी शेजारच्या रकान्यात काउंटइफ लावा आणि एकपेक्षा मोठे आकडे गाळून बघा. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये दुबार शोधायची तयार विझार्ड आहे. आणि ज्यांचा नंबरच नाही त्यांची यादी गाव आणि नाव लावून छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. ते काम माणसाचंच आहे.

पायरी ४ : कोण राहणार ते ठरवा

प्रत्येक जोडीतली एक नोंद राहणार, दुसरी जाणार. आम्ही जुनी, म्हणजे लहान आयडीची ठेवतो. पण जाणाऱ्या नोंदीत पत्ता किंवा दुसरा नंबर असेल तर तो आधी राहणाऱ्या नोंदीत भरून घेतो. याची एक छोटी तक्ता-यादी करा : डावीकडे जाणारा आयडी, उजवीकडे राहणारा आयडी. यादी मोठी असेल तर रो नंबर आणि पार्टिशन बाय वापरून प्रत्येक गटात १, २, ३ असे क्रमांक लावता येतात. ही सोय एसक्यूलाइटमध्ये ३.२५ आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० या आवृत्तीपासून आहे, दोन्ही २०१८ सालच्या.

ही यादी दुकानात माणसं ओळखणाऱ्याला दाखवा. आमच्याकडे अण्णांनी पाच मिनिटांत चार जोड्यांवर काट मारली. "हे दोघं भाऊ आहेत, वाटण्या झाल्यात." हे कुठल्या कमांडला कळणार?

पायरी ५ : बाकी पुढे ओढा

आता बिलांच्या टेबलात जा. जाणाऱ्या आयडीची सगळी बिलं राहणाऱ्या आयडीवर टाका. अपडेट बिले सेट ग्राहकआयडी = राहणारा व्हेअर ग्राहकआयडी = जाणारा. जमा पावत्या वेगळ्या टेबलात असतील तर तिथेही. कोटेशन, परत आलेला माल, ग्राहक-आयडी जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे. एक टेबल विसरलात तर तेवढे कागद बेवारस झाले.

हे सगळं बिगिन आणि कमिट यांच्या मध्ये करा. बिगिन म्हटलं की पुढचे बदल कच्चे राहतात. काही चुकलं तर रोलबॅक म्हणायचं, सगळं पहिल्यासारखं. कमिट म्हटल्यावरच पक्कं. अण्णांच्या भाषेत, आधी पेन्सिलीने, मग शाईने.

पायरी ६ : पुसा आणि ताळा बघा

आता यादीतले जाणारे आयडी ग्राहकांच्या टेबलातून काढा. फॉरिन की चालू ठेवा. एखाद्या नोंदीवर बिल शिल्लक असेल तर डेटाबेस पुसू देणार नाही. ती अडचण नव्हे, तो राखणदार आहे. मात्र तुमच्या प्रोग्राममध्ये "ऑन डिलीट कॅस्केड" लावलंय का ते बनवणाऱ्याला विचारा. ते लावलेलं असेल तर ग्राहक पुसला की त्याची बिलंही सोबत जातात. उधारीच्या धंद्यात हे नकोच.

कमिटच्या आधी दोन ताळे. पहिला : ग्राहकवार बाकीची यादी काढून बेरीज करा, ती आधीच्या बेरजेइतकी आली पाहिजे. नुसत्या बिलांची बेरीज करू नका, ती बेवारस बिलं धरूनही बरोबर येते. मी तिथेच फसलो. दुसरा : ज्याला ग्राहक नाही असं एकही बिल आहे का ते लेफ्ट जॉइन लावून बघा. उत्तर शून्य आलं पाहिजे. शून्य नसेल तर रोलबॅक करा आणि सकाळी ताज्या डोक्याने बसा.

पायरी ७ : दाराला कडी

इथे थांबलात तर सहा महिन्यांत यादी पुन्हा तशीच. म्हणून मोबाइलच्या रकान्यावर युनिक इंडेक्स लावा. मग तोच नंबर दुसऱ्यांदा टाकायला गेलं की डेटाबेस नकार देतो. आणि ज्यांचा नंबर नाही त्यांचं काय? एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या तिन्हींमध्ये युनिक इंडेक्स कितीही नल चालवून घेतो. म्हणून तिसऱ्या पायरीत नल ठेवायला सांगितलं. तिथे नुसती रिकामी जागा ठेवलीत तर दुसऱ्या बिननंबरी गिऱ्हाइकालाच दार बंद होईल.

खरी कडी मात्र काउंटरवर लागते. दुबार नोंद होते ती गर्दीच्या वेळी, शोधायचा कंटाळा आला म्हणून "नवीन ग्राहक" दाबल्याने. आमच्याकडे आता पोरांना एकच शिकवलंय : नाव विचारायच्या आधी नंबर विचारा, शोधा, नाही सापडला तरच नवीन. नंबर नसेल तर गाव आणि वाडी-वस्ती लिहिल्याशिवाय खातं उघडायचं नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिसऱ्या पायरीची कमांड चालवतो. एखाद-दुसरी जोडी निघते. चहा व्हायच्या आत काम होतं.

तुमची यादी छोटी असेल तर

तुम्ही म्हणाल, माझी दीडशेच गिऱ्हाइकं आहेत, एवढा खटाटोप कशाला? उलट हीच वेळ आहे. दीडशे नावांची यादी एका दुपारी हाताने साफ होते. हजारावर गेली की माझ्यासारख्या अकरा रात्री जातात. पुढे कोणी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला आलं तर त्याला तीन प्रश्न विचारा : तोच मोबाइल दुसऱ्यांदा टाकला तर काय होतं? दोन खाती एकत्र करायची सोय आहे का, आणि केल्यावर बिलं कुठे जातात? बिलं असलेला ग्राहक पुसता येतो का? तिसऱ्याचं उत्तर "हो, लगेच" असं आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

उधारी ही शेवटी विश्वासावर चालते. गिऱ्हाईक आपल्या हिशोबावर विश्वास ठेवून माल नेतं. त्याला दोन मेसेज गेले, किंवा त्याचं नावच सापडलं नाही, की तो विश्वास हलतो. तात्या अजून येतात. पैसे द्यायच्या आधी मुद्दाम विचारतात, "आहे का रे मी?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवतो. एकच नाव, एकच पान.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढंच करा : तारखेची एक प्रत काढा आणि शोधायची कमांड चालवा. पुसू काही नका, फक्त बघा. किती जोड्या निघाल्या ते कमेंटमध्ये लिहा, नावं-नंबर मात्र लिहू नका. भेटूया पुढच्या व्हिडिओत.